तोफेसमोरची त्रेचाळीस नंबरची काच

मी त्रेचाळीस नंबरची काच बोलतेय. जरा घाईघाईने बोलतेय, तेवढं सांभाळून घ्या. माझ्यासमोर बावीस फुटांवर एक लांबलचक लोखंडी नळी आहे. तिचं तोंड माझ्या बरोबर मध्यावर रोखलंय आणि तिच्या मागच्या टाकीत हवा भरायला सुरुवात झाली आहे. टाकी भरायला अठरा मिनिटं लागतात. त्यातलं एक गेलं.

नळीत एक कोंबडी आहे. मेलेली आहे बिचारी. सकाळी धामणकर नाक्यावरच्या दुकानातून आली. वजन नऊशे चार ग्रॅम, मी स्वतः काट्यावर बघितलं. थर्मोकोलच्या वाटीत बसवून तिला नळीत सरकवली आहे. टाकीची झडप उघडली की ती ताशी तीनशे किलोमीटरच्या वेगाने माझ्यावर येणार.

मी विमानाची पुढची काच आहे. शिकाऊ पायलट चालवतात ना, त्या लहान विमानाची. आकाशात घार, बगळा, कबुतर काही सांगून समोर येत नाहीत. पक्षी काचेवर आदळला तर काच टिकते की पायलटच्या तोंडावर फुटते, हे विमान वर जाण्याआधी जमिनीवरच बघून घ्यावं लागतं. त्यासाठी ही तोफ. इथे तिला दुसरं नाव कुणी देत नाही.

भिवंडीहून वाड्याकडे जाताना अंबाडीच्या थोडं अलीकडे, रस्ता सोडून आत, आमची पत्र्याची शेड आहे. पूर्वी इथे चोवीस लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, होते. जमिनीत त्यांच्या बोल्टांची भोकं अजून आहेत आणि छताच्या लोखंडी कैच्यांना जुनी रुई चिकटून बसली आहे. तोफ सुटली की सगळी शेड हादरते आणि थोडी रुई खाली पडते. तोफ चालवणारे कोंडूदादा दर वेळी न चुकता म्हणतात, "घ्या, भिवंडीत बर्फ पडला."

माझा जन्म भादव्यातला. सगळे मला काच म्हणतात, खरी मी ॲक्रिलिकची, दहा मिलिमीटर जाडीची. आधी मी सपाट पत्रा होते. एकशे साठ अंशांच्या भट्टीत टांगून ठेवल्यावर मी पापडाच्या लाटीसारखी मऊ झाले. मग हातमोजे घातलेल्या चार हातांनी मला उचललं आणि साच्यावर अलगद झोपवलं. माझ्यावर वळ उठू नयेत म्हणून साच्यावर भिवंडीच्याच मागावरचं मऊ फ्लॅनेल चढवलेलं होतं. त्या उबदार कापडावर मला माझा बाक मिळाला. जगात आल्यावर मिळालेला तो पहिला आणि शेवटचा आराम.

कारण मी दुसऱ्या भट्टीत हळूहळू निवत असतानाच पहिल्यांदा तो आवाज ऐकला. धाड. भट्टीचं दार खडखडलं. आधीच्या खेपेतल्या एका काचेवर तोफ सुटली होती. नंतर दोन माणसं तिचे तुकडे पाटीत भरून माझ्यासमोरून घेऊन गेली. तुकड्यांवर ओली पिसं चिकटली होती. तेव्हापासून भीती माझ्या अंगात आहे. ती कधी कमी झाली नाही, तिचं कारण मात्र बदललं.

आमची खेप चार जणींची. एक्केचाळीस, बेचाळीस, मी आणि चव्वेचाळीस. इथली पद्धत अशी की चारांतली एक तोफेसमोर जाते. ती टिकली तर बाकीच्या तिघी विमानावर चढतात, ती फुटली तर चौघीही बाद. कोण जाणार ते चिठ्ठी टाकून ठरतं. स्टीलच्या वाटीत चार चिठ्ठ्या घालतात, कोंडूदादा डोळे मिटून एक उचलतात आणि धम्मदिना तो नंबर रजिस्टरमध्ये लिहिते.

धम्मदिना म्हणजे आमच्या चाचणीची प्रमुख. वय एकोणतीस. भिवंडीतच वाढली, आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिच्याइतकं बारकाईने लिहिणारं माणूस मी पाहिलेलं नाही. हवेचा दाब, कोंबडीचं वजन, शेडमधलं तापमान, काच कितीला बसवली, कुणी बसवली, सगळं ती पट्टी लावून आखलेल्या रकान्यांत उतरवते. खाडाखोड झाली तर त्यावर सही करते. कोंडूदादा तिच्या बापाच्या वयाचे, तरी तिला मॅडम म्हणतात, आणि ती त्यांना काका.

माझ्या मागे, म्हणजे विमानात पायलट जिथे बसतो तिथे, एक पुतळा बसवलेला असतो. बंद पडलेल्या कापडाच्या दुकानातून कोंडूदादांनी तो आणला. कमरेच्या वरचाच आहे, नाकाचा टवका उडालेला. सगळे त्याला पाव्हणा म्हणतात. प्रत्येक चाचणीला पाव्हण्याला पांढरा शर्ट घालतात आणि तोफ सुटल्यावर धम्मदिना त्या शर्टाची भोकं मोजते. काच नुसती तडकली तरी चालतं, शर्टाला भोक पडलं तर नाही. एक भोक, आणि काच नापास.

आणि राहीबाई.

माझं सगळं आयुष्य तिच्या हातांत गेलं. राहीबाई बावन्न वर्षांची, इथून मैलभरावरच्या गावातली. वीस वर्षं तिने लूमवर सुताच्या कांड्या भरल्या. रुईने छाती भरत गेली, जिना चढताना शिटी वाजू लागली, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की परत रुईत गेलात तर माझ्याकडे येऊ नका. मग ती इथे पॉलिशला लागली. इथे बसायला खुर्ची आहे, खिडकी आहे, श्वास पुरतो. तोफ सुटायच्या वेळी वरून रुई पडते म्हणून ती नाकाला पदर लावून बाहेर चिंचेखाली जाऊन उभी राहायची. त्यामुळे चार वर्षांत तिने एकही चाचणी डोळ्यांनी पाहिली नव्हती. हे लक्षात ठेवा.

माझ्या कडा तिने घासल्या, माझी पोट-पाठ तिने चमकवली. सहा दिवस. हात गोल गोल फिरवत ती माझ्याशी बोलायची. "बघ कशी दिसतंस, आरशासारी. आता ढगांत जाशील, आमाला ईसरशील." सातव्या दिवशी धम्मदिनाने दिवा तिरका धरून माझी तपासणी केली आणि रजिस्टरमध्ये शिक्का मारला. निर्दोष. मी खरोखरच निर्दोष होते तेव्हा.

चार मिनिटं झाली. दाबाचा काटा पावावर आला.

मग आली खंडेनवमी. ज्या अवजारावर पोट चालतं त्याची त्या दिवशी पूजा करायची, हे इथल्या हाताहातांत मुरलेलं आहे. लूम होते तेव्हा लूमना हळदकुंकू लागायचं, आता तोफेला लागतं. आमचा माल नेणारा प्रितेश, राहीबाईच्याच गावचा, नारळ फोडायला आला. कोंडूदादा लांब स्टुलावर बसले होते.

"कोंडूकाका, या की पूजेला," प्रितेश म्हणाला.

"तुम्ही करा. मी खोबऱ्याचा भक्त, वाटायला लागलात की हाक मारा."

धम्मदिनाने जाता जाता राहीबाईला बजावलं, "मावशी, तोफेची करा, कंप्रेसरची करा. काचांना मात्र काही लावायचं नाही. काचेला साबण आणि कोमट पाणी, तिसरं काही नाही."

"न्हाय लावत, बाय."

बाकी तिघींना कागद चिकटवून रॅकवर ठेवलं होतं. मी एकटी राहीबाईच्या टेबलावर, उघडी. सगळे खोबरं खायला बाहेर गेले. राहीबाई ताम्हण घेऊन माझ्याजवळ आली, माझ्याकडे बघत उभी राहिली आणि पुटपुटली, "मार खानार ही, न् कुकू त्या तोफेला. ह्यो कुठला न्याव?"

कोरडं कुंकू माझ्या गुळगुळीत अंगावर थांबेना. तिने खोबरेल तेलात कालवलं आणि अनामिकेने माझ्या कपाळावर पाच ठिपके दिले. खरं सांगते, मला बरं वाटलं. तुकडे होणाऱ्या वस्तूच्या कपाळाला कोण बोट लावतं? दसऱ्याच्या सुट्टीत ते पाच ठिपके मी मिरवले.

सुट्टी संपल्यावर राहीबाई सकाळी नऊला आली आणि कोमट पाण्याने ते पुसायला लागली. तेल निघालं, कुंकू निघालं, मागे गुलाबी डाग राहिला. तिने पुन्हा साबण लावला. डाग हलेना. धम्मदिना दहाला येते. राहीबाईच्या कपाळाला घाम फुटला.

दाराशी थिनरचा डबा होता. शेडचं फाटक रंगवून गेलेल्या रंगाऱ्याने ठेवलेला. आता लूमवर वीस वर्षं काढलेल्या हाताला काय ठाऊक असतं ते ऐका. ग्रीस लागलं, पूस थिनरने. तेल उडालं, पूस थिनरने. हाताला, लोखंडाला, लाद्यांना, सगळ्याला एकच औषध. तिने चिंधी बुडवली आणि माझ्या कपाळावर फिरवली.

थंडगार लागलं. डाग एका हातात गेला. "निंगालं गं बाय," ती म्हणाली आणि सुटकेचा श्वास सोडला. तिने माझ्यावर कागद चिकटवला. त्या कागदाखाली मात्र मला काहीतरी होत होतं. भांड्याला तडा जायच्या आधी भांडं जसं आतल्या आत कुरकुरतं, तसं. थिनर ॲक्रिलिकच्या अंगात शिरतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. भिंतीवरच्या पाटीवर "साबण आणि पाणी" लिहिलेलं होतं, का ते लिहिलेलं नव्हतं.

चार दिवसांनी कोंडूदादांनी कागद काढून मला मापाच्या चौकटीत बसवलं. पाठवण्याआधी प्रत्येक काच चोवीस बोल्टांनी आवळून एक दिवस ठेवतात, बसते की नाही बघायला. एकेक बोल्ट आवळला जाऊ लागला तसतशा माझ्या कपाळातल्या त्या थंड जागा उघडायला लागल्या. केसापेक्षा बारीक रेषा. समोरून बघितलं तर काहीही दिसत नाही. मला मात्र एकेक रेष मोजता येत होती. बत्तीस.

मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते.

दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी पंख्याच्या भोकातून ऊन तिरकं आत आलं आणि माझ्या कपाळावर पडलं. त्याच वेळी राहीबाई फडकं घेऊन आली. वीस वर्षं तिने कापडातला तुटलेला धागा शोधलेला होता, तिच्या नजरेतून काय सुटणार? त्या रेषा उन्हात चांदीच्या तारांसारख्या चमकल्या. तिचा हात थबकला. तिने नखाने चाचपून बघितलं, नखाला काही लागेना. पॉलिश लावून अर्धा तास घासलं. रेषा अंगाच्या आत होत्या, त्या वरून कशा जाणार?

ती खाली बसली. रेषांचा आकार तिने ओळखला होता. जिथे जिथे चिंधी फिरली होती, तिथे तिथेच त्या होत्या.

मला वाटलं, आता हाक मारेल. धम्मदिना वीस पावलांवर टेबलाशी लिहीत बसली होती. राहीबाईने एकदा तिच्याकडे बघितलं, मग छताकडे, कैच्यांना लोंबणाऱ्या रुईकडे. कोंडूदादांनी बोल्ट सोडून मला टेबलावर ठेवल्यावर तिने कागद घेतला आणि माझ्या कपाळावर दोन्ही हातांनी दाबून दाबून बसवला. ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही.

त्या दिवसापासून माझी भीती फिरली. आधी मला तोफेची भीती वाटायची. आता मला तोफ चुकेल याची भीती वाटू लागली. धम्मदिना एकदा फोनवर सांगत होती की आमच्या काचा फ्लाइंग स्कूलला जातात, एकोणीस-वीस वर्षांची मुलं-मुली असतात तिथे. मी त्यांच्यापैकी कुणाच्या तरी तोंडासमोर बसणार. त्या मुलीला माझ्यातून आभाळ दिसेल, ढग दिसतील, बत्तीस रेषा दिसणार नाहीत. आणि एके दिवशी समोर एक घार येईल.

नऊ मिनिटं. काटा अर्ध्यावर.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी निघाली. वाटी वाजली तेव्हा मी मनात एकच नंबर घोकत होते. त्रेचाळीस, त्रेचाळीस. स्वतःचं मरण कुणी असं मागितलं नसेल. कोंडूदादांनी डोळे मिटून चिठ्ठी उचलली आणि वाचली, "बेचाळीस."

राहीबाई पदर लावून बाहेर गेली. धाड झालं. रुई पडली. कोंडूदादांचा बर्फ पडून झाला. धम्मदिनाने पाव्हण्याचा शर्ट उजेडात धरून इंच न् इंच बघितला. एकही भोक नाही. बेचाळीस, माझी चांगली बहीण, चिकट पिसांनी माखून चौकटीत ताठ उभी होती. खेप पास. रजिस्टरमध्ये ओळ पडली: एक्केचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस, पाठवण्यास योग्य. त्यावर शिक्का. तो शिक्का पडताना मला जे वाटलं ते मी तुम्हाला सांगू शकत नाही.

धम्मदिना खुशीत होती. तिने बाहेर हाक मारली, "मावशी, इकडे या. चार वर्षांत तुम्ही एकदासुद्धा बघितलं नाही. तुमच्या हातची काच आहे, बघा तरी."

तिने लॅपटॉपवर चाचणीचा व्हिडिओ लावला, अगदी हळू केलेला. मी रॅकवरून बघत होते. कोंबडी नळीतून निघाली, काचेला टेकली आणि पिळून टाकलेल्या ओल्या फडक्यासारखी पसरली. आणि बेचाळीस, दहा मिलिमीटरची टणक बेचाळीस, पाण्यात धोंडा टाकल्यावर पाणी खाली जातं तशी आत गेली. इतकी आत, की पाव्हण्याच्या नाकाशी चार बोटं उरली. मग लाट फिरली आणि ती परत जागेवर आली.

"येवढी वाकतं?" राहीबाईने विचारलं.

"वाकते म्हणून तर वाचते. कुठे बारीकशी चीर असती ना, तर तिथून फाटली असती."

"बारीक म्हंजे किती?"

"कापड कसं फाडता तुम्ही? काठाला एकदा कात्री लावली की झालं, पुढचं हाताने टरकन जातं. तसंच."

राहीबाईने विचारलं, "न् मागं बसलेला?"

धम्मदिनाने नुसतं पाव्हण्याकडे बोट दाखवलं. "त्याच्या तोंडावर."

कोंडूदादा म्हणाले, "आपल्या पाव्हण्याचं काय, आधीच नकटा. त्याला काय फरक पडतोय."

राहीबाईचा पदर नाकावरून काढायचा राहिला होता, तो तसाच धरून ती घरी गेली.

सकाळी मला लाकडी खोक्यात घातलं. खाली फोम, वर फोम. झाकण आलं आणि उजेड गेला. त्या अंधारात मी पहिल्यांदा कळवळून कुणाला तरी हाक मारली असेल तर ती राहीबाईला. बाहेर प्रितेशचा आवाज येत होता.

"काकी, हात उचला झाकणावरचा. खिळे मारायचेत. अकराच्या आत नाका पार केला पायजे, नाहीतर गाडी अडवतात."

हात उचलला गेला नाही. माझ्या वरच्या फळीवर त्याचं वजन मला कळत होतं.

"काकी."

"ह्यो खोका न्हाय जायचा," राहीबाई म्हणाली.

"का? मुहूर्त नाही का आज?"

"मस्करी करू नको. धम्माबायला बोलव."

धम्मदिना आली. मग राहीबाईने सगळं सांगितलं. कुंकू, तेल, डाग, थिनरचा डबा, चार वाजताचं ऊन, कागद. मध्ये एकदा तिला श्वास पुरेना, थांबली, परत बोलली. काही लपवलं नाही. कागद आपण मुद्दाम दाबून लावला हेसुद्धा सांगितलं.

झाकण निघालं. धम्मदिनाने कागद सोलला आणि दिवा तिरका धरला. कोंडूदादा वाकले, प्रितेश वाकला.

"कधी झालं हे?"

"दसऱ्याची सुट्टी सरली त्या दिशी."

"आणि काल मी पास म्हणून शिक्का मारला." धम्मदिना खोक्याच्या कडेवरच बसली. "मी हिची तपासणी नवमीच्या आधी केली. शेवटी करायला हवी होती, खोक्यात घालायच्या आधी. तुम्ही बोलला नसता तर हिच्यावर सही माझीच होती, मावशी."

"मना काढायची त काढ. पन ही नको जाऊं दे."

"तुमचं काय करायचं ते साहेब ठरवतील, सोमवारी येणार आहेत. मी रजिस्टरमध्ये तुमचं लिहिणार, माझंही लिहिणार. खाली तुम्ही सही करा."

"आंगठा चालंल?"

"सही येते तुम्हाला. पगाराला करता की."

राहीबाईने सही केली. रा काढायला तिला बराच वेळ लागला.

प्रितेश मान हलवत म्हणाला, "एकदा पुसल्याने काय होतंय? लूमवर जन्म गेला आपला थिनर वापरून. अन् समजा नाही फुटली ही, तर काकी उगाच बदनाम. गाव हसंल."

"म्हणून तर बघायचं," धम्मदिना म्हणाली. "उद्या तोफेसमोर लावू हिला. टिकली तरी ही विमानावर जाणार नाही, ते ठरलं. पण थिनरने काय होतं ते मला बघायचंय. आणि पाटीवर 'का' तेसुद्धा लिहायचंय."

एक्केचाळीस आणि चव्वेचाळीस यांची पुन्हा दिव्याखाली तपासणी झाली. दोघी स्वच्छ निघाल्या आणि दुपारच्या गाडीने गेल्या. त्यांना ढग मिळतील. सुखाने जा गं बायांनो.

पंधरा मिनिटं झाली. आता फार वेळ नाही.

आज सकाळी कोंडूदादांनी मला इथे बसवलं. चोवीस बोल्ट. दर बोल्टाला माझ्या रेषा थोड्या लांबत होत्या. एकही विनोद न करता त्यांनी काम केलं. शेवटी माझी कड थोपटली आणि म्हणाले, "चल, घाबरू नको." म्हणजे त्यांनाही कळतं तर.

मग राहीबाई आली. साबणाचं कोमट पाणी घेऊन, दुसरं काही नाही. तिने मला कपाळापासून खालपर्यंत पुसलं, जिथे रेषा आहेत तिथे हात हलका केला, जखमेवरून फिरवावा तसा. "चुकलं गं बाय माजं," ती म्हणाली. मग नळीकडे गेली आणि वाटीत बसलेल्या त्या कोंबडीलाही तेच म्हणाली.

आज ती बाहेर गेली नाही. भिंतीच्या आड जी जाड काचेची खिडकी आहे, तिथे धम्मदिनाच्या शेजारी उभी आहे, नाकाला ओलं फडकं बांधून. कोंडूदादांनी सांगून बघितलं, "राहीबाई, रुई पडेल."

"पडूं दे."

मला भीती वाटतेय. इतकं बोलूनही ती गेली नाही. मी फुटले तर सोमवारी साहेब म्हणतील, बघा, बाईने केवढा घात केला असता. नाही फुटले तर गाव म्हणेल, बाईने उगाच गाडी अडवली. तिच्या खुर्चीचं आणि तिच्या श्वासाचं काय होईल, मला ठाऊक नाही. मला एवढंच ठाऊक आहे की काल खोक्याच्या झाकणावर एक हात टेकलेला होता आणि तो उचलला गेला नाही.

तुम्ही माझं ऐकताय म्हणून एक मागते. तुमच्याही हातून कधी नको ते पुसलं जाईल. चांगल्या मनानेच जाईल. डाग निघाला म्हणून तुम्हाला हायसं वाटेल, आणि मग कुठल्यातरी तिरक्या उन्हात तुम्हाला रेषा दिसतील. तेव्हा त्यावर कागद चिकटवू नका. चिकटवलाच असेल तर खिळे मारायच्या आत सोला. त्याच्या पलीकडे कोण बसणार आहे, ते तुम्हाला कधीच कळणार नसतं.

काटा थांबला. टाकी भरली. लाल दिवा लागला. कोंडूदादा मोजायला लागलेत, नेहमीसारखे उलटे, पाचापासून.

पाव्हण्या, माझ्या मागेच आहेस ना? धुतलेला शर्ट घातलाय तुला आज. त्याला भोकं पडतील बहुतेक. माफ कर मला. तुझ्या जागी ती मुलगी असती, तर माफी मागायलाही मला वेळ मिळाला नसता.

दोन म्हणाले.

ये गं कोंबडे. मी इथेच आहे.